२८ लिटरचा ओटीजी: केकचा तळ फिका, नानकटाईचा तळ करपलेला. जाळी कुठल्या खाचेत लावायची, टिन कोणता घ्यायचा?

ऐरोली_सेक्टर८

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या फराळासोबत नानकटाई आणि मावा केक करायचे आहेत. त्याआधी ओव्हनचं गणित एकदा नीट बसवून घ्यायचं आहे, म्हणून मापांसकट विचारते.

ओटीजी २८ लिटरचा, १६०० वॉटचा. वर दोन रॉड, खाली दोन रॉड, पंखा वेगळ्या बटणावर. आतून टेप लावून मोजलं तर रुंदी ३४ सेंमी, खोली ३० सेंमी. खालच्या रॉडपासून वरच्या रॉडपर्यंत १९ सेंमी. जाळी अडकवायला चार खाचा आहेत, खालच्या रॉडपासून ३, ७, ११ आणि १५ सेंमीवर.

केकचा टिन ७ इंची, अडीच इंच उंच, काळा नॉनस्टिक. ओव्हनसोबत आलेला काळा ट्रे खालून दुसऱ्या खाचेत आणि त्या ट्रेवर टिन. १८० अंश, दोन्ही रॉड, ४० मिनिटं. केक वरून गडद होतो, मधोमध फुगून फुटतो, आत कच्चट राहतो आणि तळ फिका. नानकटाई त्याच ट्रेवर, त्याच खाचेत, १७० अंशांवर १८ मिनिटं. तिचा तळ करपतो आणि वरून पांढरी राहते.

एकाच ओव्हनमध्ये, एकाच खाचेत असं उलटसुलट का होतं? जाळी कुठे लावू? टिन बदलावा लागेल का, आणि कशाचा घ्यावा?

नौपाडा_बेकर

मापं दिलीत ते फार बरं केलंत, आता अंदाजाने बोलायची गरज नाही.

आधी कारण. एवढ्या लहान ओव्हनमध्ये पदार्थाला मिळणाऱ्या उष्णतेचा बराच भाग थेट रॉडकडून येतो, नुसत्या गरम हवेतून नाही. त्यामुळे रॉड आणि भांडं यांच्यात किती अंतर आहे, मध्ये काय आडवं आलं आहे आणि भांड्याचा रंग कोणता, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं. जाळी एक खाच वर-खाली केलीत की बटणावरचा आकडा तोच राहतो, पण पदार्थाला लागणारी आच बदलते.

तुमचा काळा ट्रे खालच्या रॉडची आच स्वतः घेतो. केकचा टिन त्याच्यावर बसवला की टिनला तळाची आच थेट मिळत नाही. ट्रे आधी तापणार, मग जिथे जिथे टिनचा तळ ट्रेला टेकतो तिथून थोडी आच वर जाणार. शिवाय ट्रे जवळजवळ अख्ख्या ओव्हनच्या मापाचा असतो, त्यामुळे खालची गरम हवाही वर येताना अडते. वरचे रॉड मात्र मोकळे आहेत, ते आपलं काम करतात. म्हणून वरून गडद आणि तळ फिका. नानकटाई त्याच तापलेल्या काळ्या पत्र्यावर थेट बसते, मध्ये काहीच नाही. ती दीड-दोन सेंमी जाड, त्यात तूप आणि साखर, तळ करपायला वेळ लागत नाही. वरच्या रॉडपासून ती जवळपास १० सेंमी लांब आहे, म्हणून वर रंग येत नाही. दोन्ही तक्रारी त्या एकाच ट्रेच्या.

आता खाचा. नियम असा की रिकाम्या जागेच्या मध्यावर जाळी यायला नको, पदार्थाचा मध्य यायला हवा. तुमच्या १९ सेंमीचा मध्य साडेनऊवर.

अडीच इंची टिन म्हणजे साधारण साडेसहा सेंमी. दुसऱ्या खाचेत ठेवलात तर तो ७ पासून साडेतेरापर्यंत येतो, मध्य सव्वादहावर. ही जागा बरोबर आहे, फक्त ट्रे काढा आणि तारेची जाळी लावा. तिसऱ्या खाचेत टिनची कड साडेसतरावर जाईल, वरच्या रॉडपासून जेमतेम दीड सेंमी, केक फुगला की जळणारच. पहिल्या खाचेत तळ रॉडपासून ३ सेंमीवर, केकसाठी फार जवळ.

नानकटाईला तिसरी खाच. तळ ११ वर, वरची बाजू १३ च्या आसपास, वरच्या रॉडपासून ६ सेंमी. तळ रॉडपासून लांब गेला आणि वर रंग यायला लागला, दोन्ही कामं झाली. पावाचा उंच टिन असेल, फुगून १२ सेंमी होणारा, तर तो पहिल्या खाचेतच बसतो, वर ४ सेंमी जागा उरते. शेवटची दहा-बारा मिनिटं वर फॉइलचं सैल झाकण टाकावं लागेल. लादीपाव दुसऱ्या खाचेत. चौथी खाच फक्त वरून रंग आणायला, चीज वितळवायला किंवा पनीर भाजायला.

बाजूची जागाही बघा. टिनच्या चारही बाजूंना किमान अडीच सेंमी मोकळं हवं, म्हणजे हवा फिरते. तुमची खोली ३० सेंमी, ९ इंची टिन म्हणजे २३ सेंमी, दोन्हीकडे साडेतीन उरतात. त्याच्यापुढे जाऊ नका. १० इंची आत मावतो, पण पाठीमागची कड आणि दारापाशीची कड सारखी भाजली जात नाही.

आणि एक, खाली जो चुरा पडायचा पत्रा असतो त्यावर किंवा जाळीवर फॉइल अंथरायची सवय असेल तर सोडा. आच उलटी परतते, हवा अडते आणि फॉइल रॉडला चिकटली तर ओव्हन खराब होतो. पत्रा धुणं सोपं.

नेरूळ_पूर्व

खाचांचं नौपाड्याने चोख सांगितलं. मी टिनबद्दल लिहिते, कारण जाळी बदलूनही केक मध्ये फुटायचा थांबणार नाही. ते काम काळ्या टिनचं आहे.

गडद, मॅट भांडं रॉडची आच जास्त शोषतं. कडा आधी तापतात, कडेचं मिश्रण आधी घट्ट होतं, मधलं अजून पातळ असतं आणि फुगतच राहतं. वरची साय तोवर घट्ट झालेली, मग ती फोडून मधलं मिश्रण वर येतं. काळाच टिन वापरायचा असेल तर १८० ऐवजी १६५ अंश धरा आणि वेळ ५-७ मिनिटांनी वाढवा.

नवा घ्यायचा तर साधा, फिकट रंगाचा, जाडसर अ‍ॅल्युमिनियमचा घ्या. अ‍ॅल्युमिनियम उष्णता झटपट आणि सगळीकडे सारखी पसरवतं. स्टेनलेस स्टील या बाबतीत फारच मागे आहे, म्हणून स्टीलच्या डब्यात केक एका बाजूला भाजतो आणि एका बाजूला राहतो. घरात प्रेशर कुकरचे जुने अ‍ॅल्युमिनियमचे डबे असतील तर ते काढा. उभ्या, सरळ कडा, बऱ्यापैकी जाड पत्रा, केकला उत्तम. फक्त आतून ठोकलेले, वाकलेले नकोत, तळ सपाट हवा. लिंबू, दही, अननस घातलेलं आंबट मिश्रण असेल तर साध्या अ‍ॅल्युमिनियमला आतून बटर पेपर लावा किंवा अ‍ॅनोडाइज्ड घ्या, आंबटाची त्यावर प्रक्रिया होत नाही.

काच तापायला वेळ लावते आणि तापली की लवकर निवत नाही. काचेत केक करायचा तर १५ अंश कमी, वेळ थोडा जास्त, आणि बाहेर काढल्यावर फार वेळ भांड्यात ठेवायचा नाही, कडा सुकत जातात. फ्रीजमधलं काचेचं भांडं थेट तापलेल्या ओव्हनमध्ये नको, आणि तापलेलं भांडं ओल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर तर मुळीच नको. लाकडी पाट किंवा जाड कोरडं फडकं.

सिलिकॉनच्या साच्यात मिश्रण भरल्यावर तो लचकतो, म्हणून आधी जाळीवर ठेवून मग भरा. त्यात रंग येत नाही, खरपूस कड येत नाही. मफिन्सना चालेल, मावा केकला मी सुचवणार नाही. मावा केकची मजा त्या तपकिरी कडेत आहे.

फुगून फुटण्यावर अजून एक खात्रीचा इलाज. जुन्या टॉवेलची टिनच्या उंचीएवढी रुंद पट्टी कापा, पाण्यात भिजवून घट्ट पिळा, फॉइलमध्ये गुंडाळा आणि टिनच्या बाहेरून कडेला आवळून सेफ्टी पिन लावा. पट्टीत ओल आहे तोवर कड शंभर अंशांच्या फार वर जात नाही, त्यामुळे कड आणि मध्य बरोबरीने शिजतात आणि केक वरून सपाट निघतो. ७ ते १० मिनिटं जास्त लागतात, तेवढी द्यायची. पट्टी रॉडला टेकणार नाही एवढं बघा.

खारघर_हिल्स

एक मुद्दा राहिला, टिन किती भरायचा. ७ इंची, अडीच इंच उंच टिनमध्ये काठोकाठ साधारण १५८० मिली पाणी मावतं. मिश्रण ८०० ते १००० मिलीच घाला, म्हणजे निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत. त्याच्यावर गेलात तर मध्य वेळेत शिजणार नाही, मग तुम्ही जाळी कुठेही लावा.

रेसिपी दुसऱ्या मापाची असेल तर इंचाला इंच लावू नका, क्षेत्रफळ लावा. ६ इंची गोल २८ चौरस इंच, ७ इंची ३८, ८ इंची ५०, ९ इंची ६४. म्हणजे ८ इंचीची रेसिपी ७ इंचीत करायची तर सगळं जिन्नस पाऊणपट, ६ इंचीत करायची तर निम्म्याहून थोडं जास्त. ८ इंची चौकोनी टिनचंही क्षेत्रफळ ६४, म्हणून ९ इंची गोल आणि ८ इंची चौकोनी एकमेकांच्या जागी चालतात.

केकला फक्त खालचे रॉड ठेवा, वरचे बंद. वरून गडद होण्याचा प्रश्नच मिटतो.

नौपाडा_बेकर

खारघर, क्षेत्रफळाचं अगदी बरोबर, पण शेवटच्या मुद्द्याशी सहमत नाही. निदान या ओव्हनसाठी नाही. नुसत्या खालच्या रॉडवर तापमान राखायचं तर ते रॉड जास्त वेळ पेटते राहतात, तळ जाड आणि कडक होतो, वरचा भाग चिकट आणि फिका राहतो. १६-१९ लिटरच्या बुटक्या ओव्हनमध्ये वरचा रॉड केकच्या डोक्यावरच असतो, तिथे तुमचं म्हणणं पटतं. इथे टिनच्या वर साडेपाच सेंमी जागा आहे. दोन्ही रॉड ठेवा. शेवटच्या १० मिनिटांत रंग जास्त वाटला तरच वरचे बंद करा.

प्रीहीटबद्दलही लिहितो. बऱ्याच ओटीजींचा दिवा फक्त टायमर चालू असल्याचं सांगतो, ओव्हन तापल्याचं नाही. रॉड पेटून एकदा बंद झाले की सेन्सरजवळची हवा तापली एवढंच कळतं, भिंती अजून तापायच्या असतात. १८० अंशांना दोन्ही रॉडवर १५ मिनिटं पूर्ण द्या. तापत असताना रॉड लालभडक असतात, त्या वेळी केक आत सरकवला तर वरचा पापुद्रा पहिल्या पाच मिनिटांतच धरतो. रॉड बंद असताना ठेवा. जाळी मात्र प्रीहीटच्या आधीच ठरलेल्या खाचेत लावून ठेवा, तापल्यावर हलवत बसलात तर दार उघडं राहून सगळी आच बाहेर जाते. केकचा निदान तीन-चतुर्थांश वेळ होईपर्यंत दार उघडायचं नाही.

ऐरोली_सेक्टर८

बरंच डोक्यात शिरलं, सगळ्यांचे आभार. कुकरचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा घरात आहे, तोच लावते. आता नानकटाईचं विचारते. सव्वा किलोच्या आसपास पीठ आहे, म्हणजे बऱ्याच खेपा. पंखा लावून दोन ट्रे एकदम, दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, लावले तर चालेल का? आणि ट्रे काळाच आहे, तो कसा वापरू?

नेरूळ_पूर्व

ताई, दोन ट्रे एकदम नको. चौथी खाच वरच्या रॉडपासून ४ सेंमीवर, त्यात नानकटाईची उंची गेली की दोनच उरतात. आणि ट्रे मोठे, त्यामुळे वरचा ट्रे खालच्याची वरची आच अडवणार आणि खालचा वरच्याची खालची. वरच्या ट्रेची डोकी करपणार, खालच्याचे तळ. पंख्याने फरक पडतो, पण हवा ट्रेच्या कडेने वर चढायला जागा हवी. दोन ट्रे लावायचेच असतील तर अशा मोठ्या ओव्हनमध्ये, जिथे ट्रेभोवती बोटभर जागा उरते, आणि तिथेही निम्म्या वेळाने ट्रेंची अदलाबदल करून पुढची बाजू मागे करावी लागते.

एका वेळी एक ट्रे, पण ट्रे दोन ठेवा. एक आत असताना दुसऱ्यावर नानकटाया लावून तो फ्रीजमध्ये १५-२० मिनिटं. ऑक्टोबरच्या उकाड्यात पीठ लगेच सैल होतं, तूप पातळ झालं की नानकटाई पसरून चपटी होते. त्याच कारणाने नुकत्याच बाहेर काढलेल्या गरम ट्रेवर पुढची खेप लावायची नाही. ट्रे पूर्ण निवू द्या. गरम पत्र्यावर नळाचं पाणी सोडलं तर तो पीळ खाऊन वाकतो आणि मग कधीच सपाट बसत नाही.

काळा ट्रे वापरायचा तर त्याच्याखाली आणखी एक पातळ ट्रे किंवा अ‍ॅल्युमिनियमचं ताट लावा, मध्ये हवेचा थर राहतो आणि तळाची आच मऊ होते. वर बटर पेपर. फिकट अ‍ॅल्युमिनियमचा, बुटक्या काठाचा ट्रे मिळाला तर उत्तमच, काठ उंच असले की कडेच्या नानकटायांना वरून रंग कमी येतो.

प्रमाण तुमचं ठरलेलं असेल, तरी ताडून बघायला देते: २०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बेसन, १२५ ग्रॅम पिठीसाखर, १२५ ते १४० ग्रॅम घट्ट तूप, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, वेलची. तूप वितळवायचं नाही, घट्टच फेसायचं. प्रत्येक गोळा २० ग्रॅमचा, वजनकाट्यावर. लहान-मोठे गोळे झाले की लहान करपतात आणि मोठे मध्ये कच्चे राहतात, त्याला कुठलीच खाच मदत करत नाही. दोन गोळ्यांमध्ये ३ सेंमी अंतर.

तिसरी खाच, दोन्ही रॉड, १६० अंश, पंखा बंद, १८ ते २२ मिनिटं. पंखा लावलात तर १४५. कडेला फिकट सोनेरी रंग आला की बाहेर काढा. गरम असताना ती मऊच लागते, म्हणून आणखी भाजू नका. ट्रेवर पाच-सात मिनिटं राहू द्या, मग जाळीवर. पूर्ण निवल्याशिवाय डब्यात भरली तर आतल्या वाफेने मऊ पडते.

कळवा_वायरमन

सगळे १६० आणि १८० म्हणताहेत, पण बटणावरचे १८० म्हणजे आत १८० असतातच असं नाही. लहान ओटीजीत १५-२० अंशांची तफावत सहज असते. ओव्हन थर्मामीटर घ्या, टांगायचा किंवा उभा राहणारा, आणि जाळीच्या मधोमध ठेवा. वीस मिनिटं तापवल्यावर काचेतूनच दर दोन मिनिटांनी चार-पाच वेळा वाचा. रॉड पेटतात-विझतात तसा काटा वर-खाली होणारच, त्याची सरासरी धरा. आत २०० निघाले तर बटण कायम २० ने खाली.

कुठला कोपरा जास्त तापतो हे बघायला ब्रेडचे स्लाइस. जाळी दुसऱ्या खाचेत, त्यावर स्लाइस एकमेकांना न चिकटवता मांडा, जेवढे मावतील तेवढे. १८० अंशांना तापलेल्या ओव्हनमध्ये ८-१० मिनिटं. दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. मागचा उजवा कोपरा गडद निघाला तर केक तीन-चतुर्थांश वेळ झाल्यावर एकदाच अर्ध्या वर्तुळात फिरवायचा. नानकटाईचा ट्रे निम्म्या वेळेला.

आता विजेचं. १६०० वॉट म्हणजे २३० व्होल्टला ७ अँपिअर. ६ अँपिअरच्या लहान सॉकेटवर किंवा एक्स्टेंशन बोर्डवर हा ओव्हन चालवायचा नाही, पिना तापतात, सॉकेट वितळतं. स्वयंपाकघरातला मोठ्या पिनेचा १६ अँपिअरचा पॉइंटच. त्याच वायरवर गिझर किंवा मायक्रोवेव्ह एकदम नको.

व्होल्टेज पडलं की आचही पडते, आणि वाटतं त्यापेक्षा जास्त पडते. २३० चं २०५ झालं, म्हणजे ११ टक्के कमी, तर १६०० वॉटचा ओव्हन १२७० च्या आसपासच देतो. उन्हाळ्यात संध्याकाळी इमारतीतले सगळे एसी चालू असताना जुन्या वायरिंगच्या घरांत असं होतं. थर्मोस्टॅट आपलं काम करतो, पण प्रीहीटला १५ ऐवजी २२-२५ मिनिटं लागतात, आणि दार उघडलं तर आच भरून यायला वेळ लागतो. मोठ्या खेपा सकाळी काढा.

ओव्हन भिंतीपासून १०-१२ सेंमी पुढे, वर काही ठेवायचं नाही.

खारघर_हिल्स

नौपाडा, वरच्या रॉडचं मान्य. माझं म्हणणं बुटक्या ओव्हनपुरतं धरा.

ताई, खरेदीला जाताना आतली मापं लिहून न्या, इंच आणि सेंमी दोन्ही. टिनवर लिहिलेलं माप काही वेळा वरच्या तोंडाचं असतं, काही वेळा तळाचं, आणि काठाची घडी त्यात धरलेली नसते. स्वतःची टेप लावा, बाहेरून बाहेर. ठाण्यात जांभळी नाक्याच्या भांड्यांच्या दुकानांत साधे अ‍ॅल्युमिनियमचे टिन आणि ट्रे बघा. साचे, कुलिंग रॅक असं सगळं एकदम हवं असेल तर क्रॉफर्ड मार्केट, मस्जिद किंवा सीएसएमटीला उतरून. तुम्हाला ऐरोलीहून ठाण्यात गाडी बदलून जाता येईल.

हातात घेऊन दोन गोष्टी तपासा. टिनच्या तळाला मधोमध अंगठ्याने दाबा, पत्रा टकटक आत-बाहेर झाला तर तो पहिल्या-दुसऱ्या वापरातच वाकणार. आणि सपाट फरशीवर ठेवून डोलतो का बघा. तळ निघणारा टिन चीजकेकला घ्या, पातळ मिश्रणाला नको. घेतलाच असेल तर बाहेरून फॉइल गुंडाळा.

बटर पेपर म्हणून मिळतो तो सगळा सारखा नसतो. पातळ, मेणाचा हात लागणारा कागद ओव्हनमध्ये धुरकटतो आणि केकला चिकटतो. पाकिटावर बेकिंगसाठी आणि २२० अंशांपर्यंत असं लिहिलेला घ्या. दुसराच मिळाला तर मेण नाही याची खात्री करून दोन्ही बाजूंना तेलाचा हात लावा. कागद टिनच्या आतच राहायला हवा. वर फडफडणारं टोक पंख्याच्या वाऱ्याने उडून रॉडला लागतं.

ऐरोली_सेक्टर८

शेवटचं एक. केक टिनमधून कधी काढायचा? आणि ओव्हनचीच जाळी निववायला वापरली तर चालेल का?

नौपाडा_बेकर

विणायची सुई किंवा टूथपिक मध्यात घालून कोरडी निघाली, बोटाने दाबल्यावर केक परत वर आला, कड टिनपासून किंचित सुटली, की झाला. प्रोब थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९६ अंश. मावा केकमध्ये तूप जास्त असतं, त्यामुळे सुईला चार ओलसर कण लागले तर चालतं, ओलं मिश्रण लागता कामा नये.

टिनमध्ये १० मिनिटं, मग कडेने पातळ सुरी फिरवून उलटा. लवकर काढला तर मोडतो. अर्धा-पाऊण तास टिनमध्येच राहिला तर वाफेचं पाणी होऊन तळ ओला आणि चिवट होतो.

ओव्हनची जाळी चालेल, पण ती ओट्यावर थेट ठेवली तर खालून हवा लागत नाही. चार वाट्या उपड्या ठेवून त्यावर जाळी ठेवा. तारांमधलं अंतर मोठं असेल तर मऊ केकवर वळ उठतात, तेव्हा बटर पेपरचा कागद घालून पाचेक मिनिटांनी काढून घ्या.

जाळी धुतली की फडक्याने पुसून, ओव्हन बंद केल्यावर उरलेल्या उबेत दहा मिनिटं ठेवा. खाडीकाठची हवा आहे आपली, सांध्यांत पाणी राहिलं की तिथूनच गंज धरतो. पत्र्याच्या टिनांनाही तेच, आणि पावसाळ्याआधी आतून तेलाचं बोट फिरवून कागदात गुंडाळून ठेवा.